बाजू सरली की चहा: यावलकडच्या एका घरातल्या ३१२ तबकड्यांचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मामांच्या घरचं आहे. गाव यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीचं. मामा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. मी जळगावात साउंडचं काम करतो. कीर्तन, लग्न, सभा, जे येईल ते. म्हणून मामेभावाने पुण्याहून फोन केला तो मला. प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, बाबांच्या रेकॉर्डी आता विकून टाकू का? सगळं मोबाईलवर मिळतंच."

मी तेव्हा "टाक विकून" असं म्हणालो होतो. आठवड्याभरात तो शब्द मागे घेतला आणि पुढचे अकरा महिने आम्ही त्या कपाटाशी काय काय केलं, ते इथे सगळं लिहितो. खान्देशात अशी कपाटं अजून पुष्कळ घरांत आहेत. आजोबांनी जमवलेली, मुलांनी जपलेली आणि नातवंडांना काय करावं ते न कळणारी.

कपाटात काय होतं

मोजल्या तर ३१२ निघाल्या. त्यांतल्या ६१ लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या. या मामांच्या वडिलांच्या. १४८ एल.पी., म्हणजे मोठ्या, ३३⅓ फेऱ्यांच्या, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. १०३ छोट्या, ४५ फेऱ्यांच्या, सिनेमाच्या आणि भावगीतांच्या. त्या मामींच्या.

लाखेची तबकडी म्हणजे खरोखरच लाख, बांगडीची असते तीच, दगडाची बारीक पूड घालून दाबलेली. हातातून निसटली तर फरशीवर बांगडीसारखीच फुटते. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापायला थेट जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. कलकत्त्यात कारखाना आला तो १९०८ साली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे तेवढ्यात अख्खं पद बसवण्याची एक वेगळीच कला गवयांना साधावी लागली. १९४८ ला अमेरिकेत एल.पी. निघाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. रागाला निदान पाय पसरायला जागा झाली. आपल्याकडच्या कितीतरी शास्त्रीय एल.पी.वर म्हणूनच एका बाजूला एकच राग सापडतो.

मामांच्या घरात वेळ बाजूने मोजला जायचा, हे मी लहानपणापासून बघतोय. "दोन बाजू झाल्या, कुकर उतरवा," असं मामा ओट्याकडे बघून सांगायचे. बाजू सरली की सुई आतल्या मोकळ्या खाचेत फिरत राहते आणि खट्, खट्, खट् असा आवाज येतो, मिनिटाला तेहतीस वेळा. तो ऐकला की मामी चहा घेऊन बाहेर यायच्या. मामा तबकडी उलटायचे, फडक्याने पुसायचे, चहा प्यायचे आणि मग दुसरी बाजू.

दीड वर्षापूर्वी मामांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं-चालणं परत आलं, उजव्या हाताची थरथर मात्र राहिली. त्या हाताने सुई ठेवायला गेले आणि त्यांच्या सगळ्यात लाडक्या एल.पी.वर आडवा ओरखडा उठला. दुसऱ्या दिवशी आणखी एकीवर. त्यानंतर त्यांनी प्लेअरचं झाकण उघडलं नाही.

आधी काय करून पाहिलं

मामेभाऊ गुणी पोरगा आहे. त्याने लगेच चांगला स्पीकर आणला, गाण्यांच्या ॲपची वर्षभराची वर्गणी भरली आणि मामांच्या आवडत्या गायकांच्या याद्या बनवून दिल्या. तोंडाने सांगितलं तरी गाणं लागायचं. मामी सांगतात, मामा पहिले चार दिवस उत्साहाने ऐकत होते. पुढे दहा मिनिटांत बंद करायला लागले, आणि महिन्याभराने तो स्पीकर फक्त मामींच्या सकाळच्या अभंगांपुरता उरला. मामींना तो फार सोयीचा पडला, आजही पडतो.

मग त्याने सुटकेससारखा दिसणारा एक नवा प्लेअर ऑनलाइन मागवला. बटण दाबलं की सुईचा हात आपोआप उचलला जाईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही त्यात नव्हतं. मी तराजूवर त्याच्या सुईचा भार मोजला, साडेपाच ग्रॅम. चांगल्या चुंबकी कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसते त्या डोक्याला, दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. एवढ्या भाराची सुई जुन्या एल.पी.वर रोज फिरवणं म्हणजे नांगर फिरवणं. तो मी परत बांधून ठेवायला लावला.

मामा गप्प बसायला लागले होते. हे मला मामींनी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सांगितलं, आणि तेव्हा मी माझा "टाक विकून" मागे घेतला.

मामांच्या दोन तक्रारी

मी लागोपाठ तीन रविवार गेलो आणि मामांना फक्त एवढंच विचारलं, की त्या स्पीकरवर नेमकं काय खटकतं.

पहिली तक्रार: "सूर उतरेल वाटते." तेच गायक, तीच तबकडी, पण मोबाईलवर आवाज उतरलेला लागतो. मामेभावाने ही म्हातारपणाची समजूत म्हणून सोडून दिली होती. मीही जवळपास तेच मानलं होतं. पण मामांचा कान मला माहीत आहे, म्हणून त्यांचा जुना घडीचा प्लेअर काढला, लेबलाच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. ३३⅓ ची तबकडी तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या घेते. मामांच्या प्लेअरवर १०३ भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा १०३.

म्हणजे प्लेअर तीन टक्के वेगात पळत होता. कधीतरी त्याची मोटर बदलली होती, तेव्हापासून असणार. मामांच्या आठवणीप्रमाणे पस्तीसेक वर्षं. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर जवळपास सहा टक्के असतं. तीन टक्के म्हणजे सूर दोन पट्ट्यांच्या अगदी मधोमध जाऊन बसतो. हे सांगितल्यावर मामा कितीतरी वेळ पेटीकडे बघत राहिले. ते वर्षानुवर्षं रेकॉर्डबरोबर पेटी धरायचा प्रयत्न करत आणि ती कधी लागत नसे. पेटीच बिघडलीय असं समजून त्यांनी ती दोनदा भुसावळला नेऊन सुरात लावून आणली होती.

मोबाईलवरचा सूर बरोबर होता. मामांच्या कानातला पस्तीस वर्षांचा सूर चढा होता. दोघंही खरे.

दुसरी तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली आणि हे सगळं प्रकरण माझ्या दृष्टीने त्या वाक्यात आहे: "याची बाजूच सरत नही."

मी साउंडवाला माणूस. आवाजाच्या दर्जाची चर्चा करायला मला आवडतं आणि मी त्याच तयारीने गेलो होतो. खरं तर त्या बाबतीत तबकडीची बाजू लंगडीच आहे. एल.पी.च्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर वेगाने सरकते, आत लेबलाजवळ पोचेपर्यंत वीस-एकवीसवर येते. कमी लांबीत तेवढाच आवाज कोंबायचा, त्यामुळे द्रुत ख्यालाच्या शेवटच्या ताना, ज्या नेमक्या आत येतात, त्याच खरखरीत वाजतात. मूळ टेपवरून नीट केलेली डिजिटल प्रत तिथे सरळ सरस ठरते. मामांना यातलं सगळं कळतं. व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ साली सोन्याच्या मुलाम्याची तबकडी गेली आणि तिच्यावर केसरबाई केरकरांचा आवाज आहे, हे त्यांनी आम्हाला शाळेत फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. माध्यमाबद्दल त्यांना आंधळं प्रेम नाही.

त्यांना हवी होती ती बाजू. वीस मिनिटांचा एक राग, मग शांतता, मग उठणं. स्पीकरवर मारवा संपायच्या आत दुसऱ्या कुणाची ठुमरी सुरू व्हायची. आपोआप पुढे सरकणं बंद केलं तर यादीतलं पुढचं आठवून सांगा, स्पष्ट बोला, तो भलतंच लावणार. मामा मला म्हणाले की आधी मी गाणं ऐकून उठायचो, आता मधूनच उठतो. दिवसभरात आपण काय ऐकलं तेच रात्री सांगता येत नाही.

(तिसरी गोष्ट मामांनी सांगितली नाही, मी शोधली. ६१ लाखेच्या तबकड्यांपैकी १७ मला कुठल्याही ॲपवर सापडल्या नाहीत. चार सापडल्या त्या दुसऱ्याच गायकाच्या नावावर.)

ठरवलं काय

मी कागदावर लिहून मामेभावाला पाठवलं ते असं: सुई मामांच्या हातात परत देता येणार नाही. बाजू देता येईल. तेव्हा मामांच्याच तबकड्या उतरवून घ्यायच्या, एक बाजू म्हणजे एक अखंड फाईल, मध्ये कुठेही तोडायची नाही. आणि ती लावायला मामांनी कपाटातून कव्हर काढलं पाहिजे, यादीतून नाव शोधायचं नाही.

सगळ्या ३१२ उतरवायला नुसतं वाजवण्यातच १३० तास गेले असते, कारण तबकडी जेवढ्या वेळात वाजते तेवढाच वेळ तिला उतरवायला लागतो. निवड मामींनी केली. त्यांनी कव्हरांच्या कडांवरून बोट फिरवलं. "जी कोपऱ्याला झिजेल आहे ती काढा." अशा ६४ एल.पी. निघाल्या. मी आयुष्यात पाहिलेली ही सगळ्यात नेमकी यादी. लाखेच्या मात्र सगळ्याच घ्यायच्या ठरल्या, त्या १७ साठी.

जुना चुंबकी कार्ट्रिजचा टर्नटेबल मला जळगावात १४,००० ला मिळाला. लाखेच्या तबकड्यांसाठी वेगळी जाड सुई घेतली. त्यांची खाच रुंद असते, एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळाला जाऊन घासते आणि फक्त खरखर देते. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर केलं. ध्वनिसंग्रहालयांत हाच दर्जा धरतात. मिनिटाला साडेचौतीस एमबी जागा लागते, म्हणजे एका एल.पी.ला १.४ जीबी. लाखेच्या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, असल्या तरी मी दोन्ही चॅनलवर घेतल्या. खाचेच्या दोन भिंतींपैकी एक बहुधा कमी झिजलेली असते, नंतर तीच ठेवता येते.

दोन नुकसानं

पहिलं माझ्या हातून. आजोबांची एक तबकडी बुरशीने पांढरी झाली होती. एल.पी. धुताना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिटच, घालतो, त्याच सवयीने मी तिच्यावर तोच कापूस फिरवला. काळा कापूस वर आला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला लाखेचं पॉलिश करतो ते स्पिरिटमध्ये लाख विरघळवूनच, हे मी शेकडो वेळा बघितलंय. ती बाजू गेली. त्या १७ मधली ती नव्हती एवढंच. त्यानंतर लाखेच्या तबकड्या फक्त डिस्टिल्ड पाण्याने पुसल्या, लेबल कोरडं ठेवून.

दुसरं उन्हाने. घर आवरताना मामेभावाने ४० एल.पी. पत्र्याच्या खोलीत आडव्या रचून ठेवल्या होत्या. आपल्याकडचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा आकडा तर बघूच नये. एल.पी. ज्याची असते ते विनाईल साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि वरच्या ओझ्याने तर त्याआधीच वाकायला लागतं. १४ तबकड्यांना थाळीसारखी वाक आली. नऊ अजून वाजतात, पाच वाजत नाहीत. कुणी सांगतं दोन काचांत धरून उन्हात ठेवा. माझं ऐका, ठेवू नका. खाचेचं जे उरलंय तेही सपाट होतं. आता सगळ्या तबकड्या माजघरात, उभ्या, भिंतीपासून वीतभर लांब.

टिकली आणि खट्-खट्

कव्हरावरून बाजू लावण्यासाठी एनएफसीचे छोटे गोल स्टिकर वापरले. मेट्रोच्या कार्डात असतं तसलंच असतं ते आत, नाण्याएवढं. मामेभावाचा जुना मोबाईल पातळ प्लायखाली बसवला, सिम काढून, चार्जर कायम लावून, स्क्रीन चालू ठेवून. प्लायवर कव्हर टेकवलं की मोबाईल स्टिकर वाचतो आणि ती बाजू लागते. फाईल संपली की थांबतो. तिथून तार साध्या ॲम्प्लिफायरला.

पहिल्या प्रयत्नात मी पुढच्या आणि मागच्या बाजूचे स्टिकर पाठीला पाठ लावून एकाच कोपऱ्यात चिकटवले. पुठ्ठा पातळ, मोबाईल कधी हा वाचायचा कधी तो. मग दोन्ही बाजूंच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लावले. कव्हर उलटलं की दुसरा स्टिकर त्याच जागी येतो आणि पहिला लांब जातो. म्हणजे मामांना तबकडी उलटायचे तसंच कव्हर उलटावं लागतं. प्लायवर कोपरा कुठे टेकवायचा ते दिसावं म्हणून मामींनी तिथे आपली लाल टिकली लावली. हे सगळं डाव्या हाताने जमतं.

पहिल्या रविवारी मामांनी एक बाजू पूर्ण ऐकली. संपल्यावर काहीच झालं नाही, ते तसेच बसून राहिले. मामी आतून आल्याच नाहीत. नंतर बाहेर येऊन विचारतात, "सरली का? मले कसं कळीन?" मी मुद्रण स्वच्छ करताना शेवटचं खट्-खट् कापून टाकलं होतं. माझ्या धंद्यात ते कचरा असतं.

त्या रात्री मी तोवर झालेल्या सगळ्या फाईलींना शेवटचं एक-एक मिनिट परत जोडलं. तेहतीस ठोके. मूळ मुद्रणात ते होतंच, कारण मूळ प्रत मी कधी कापत नाही. पुढच्या रविवारी खट्-खट् सुरू झालं आणि मामी चहा घेऊन आल्या. मामांनी डाव्या हाताने कव्हर उलटलं.

मी त्यांना एकदा मूळ तबकडी आणि तिचीच प्रत, पाठ करून बसवून, आलटून पालटून ऐकवली. त्यांना फरक सांगता आला नाही. मलाही आला नसता.

विकलं काय, ठेवलं काय

एका व्यापाऱ्याने सगळ्याचे ठोक २५,००० देऊ केले होते. नाही म्हटलं. मामींनी आपल्या १०३ मधल्या १६ काढून घेतल्या आणि उरलेल्या ८७, ज्या सगळ्या ॲपवर चांगल्या आवाजात मिळतात, त्या दोघा शौकिनांना दिल्या. त्या पैशांत टर्नटेबल आणि सुया निघाल्या. माझ्या मते हा व्यवहार अगदी योग्य झाला. सिनेमाचं गाणं एकेकटं ऐकायचं असतं, त्याला बाजू लागत नाही, आणि तिथे मोबाईलइतकं सोयीचं काही नाही.

लाखेच्या एकीलाही हात लावू दिला नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा त्या १७ पैकी बहुतेक मुद्रणं मोकळी झालेली आहेत. पदांच्या आणि चालींच्या हक्कांचा हिशेब वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. तो एकेकीचा लावल्याशिवाय काहीही बाहेर टाकायचं नाही असं ठरलंय. सगळं मिळून १०० जीबीच्या आसपास भरलं. एक ड्राईव्ह पुण्याला, एक माझ्याकडे, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून बघायचे. ड्राईव्ह बंद पडतो तेव्हा आधी खरखर करून सांगत नाही. म्हणूनही मूळ तबकड्या ठेवल्यात.

वेगाचं काय केलं

हा प्रश्न शेवटपर्यंत रेंगाळला. मूळ प्रती अर्थात योग्य वेगातच घेतल्या. पण मामांना ऐकायला कुठला सूर द्यायचा? मामेभाऊ म्हणाला योग्य तो द्या. मी म्हणालो पस्तीस वर्षांचा त्यांचा सूर त्यांना द्या, तीन टक्के चढवून. शेवटी दोन्ही दिले. हिरव्या ठिपक्याचा स्टिकर म्हणजे बरोबर वेग, स्टिकरवर ठिपका नसेल तर मामांचा. दोन्ही स्टिकर असलेली कव्हरं सध्या दहाच आहेत.

सुरुवातीचे दोन महिने मामा ठिपक्याकडे फिरकले नाहीत. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा पेटी माजघरात काढलेली होती. उजवा हात पट्ट्यांवर चालत नाही, म्हणून मामांनी काळी दोनच्या पट्टीच्या फटीत काडेपेटीची काडी खोचून ती दाबून ठेवली होती आणि डाव्या हाताने भाता मारत होते. नुसता सा. मामींनी हिरव्या ठिपक्याचा कोपरा टिकलीवर टेकवला. आलाप सुरू झाला आणि गवयाचा सा पेटीच्या सा वर येऊन बसला, जरासुद्धा न हलता. मामांनी भाता थांबवला नाही. बावीस मिनिटं मारत राहिले, पुढे खट्-खट् सुरू झालं तरीही.